डब्यावरील शब्द : वाशीम परिसरातील तूप, वनस्पती आणि कायदा

(१)

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासावर आजवर जे लेखन झाले त्याचा भर मुख्यत्वे कापूस, सारापद्धती आणि सावकारी या तीन विषयांवर राहिला आहे. शेतकऱ्याने काय विकले याची नोंद आपण बारकाईने केली. त्याने बाजारातून काय विकत घेतले आणि ते कोणत्या नावाखाली घेतले, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. प्रस्तुत लेखात आजच्या वाशीम जिल्ह्याचा परिसर दृष्टीसमोर ठेवून एका शब्दाचा बाजारेतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. तो शब्द म्हणजे 'तूप'. बंद डब्यातून आलेल्या वनस्पतीने हा शब्द कसा पांघरला, त्यावर शासनाने कोणते उपाय योजले आणि ते उपाय अपुरे का पडले, हे पाहावयाचे आहे.

आरंभीच जिल्ह्याच्या सीमांसंबंधी खुलासा करणे अवश्य आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यानंतर वाशीम हा स्वतंत्र जिल्हा म्हणून काही काळ नांदला; १९०५ च्या पुनर्रचनेत तो मोडून त्याचा मोठा भाग अकोला जिल्ह्यात घालण्यात आला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे आजचे सहा तालुके. या लेखातील विवेचन या सहा तालुक्यांच्या भूमीला धरून, परंतु वऱ्हाडच्या व्यापक संदर्भात केलेले आहे.

(२)

तुपाचा विचार करण्यापूर्वी कापसाचा विचार करावा लागतो, कारण मालाची खरी ओळख पटवून देण्याची व्यवस्था या भूमीत प्रथम कापसासाठी झाली. कापसात सरकी मिसळणे, तो ओला करून वजन वाढविणे, हलका कापूस उंची कापसाच्या नावाने खपविणे या प्रकारांबद्दल इंग्लंडातील गिरणीवाल्यांच्या तक्रारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच होत्या. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाला एकाएकी महत्त्व आले आणि १८६३ साली मुंबई सरकारने कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यानंतर १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला. हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारांचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः याच बाजारापासून आरंभ करतात. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसंबंधीचा कायदा झाला आणि बाजार समित्या, परवानाधारक दलाल व अडते, तपासलेली वजनमापे या गोष्टी कायद्याच्या कक्षेत आल्या. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात देशभर नियंत्रित बाजार काढण्याची शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडचा अनुभव त्याच्यापुढे होता.

या घटनाक्रमात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही व्यवस्था उभी राहिली ती येथून बाहेर जाणाऱ्या मालाकरिता. ज्याला फसवणुकीचे भय होते तो खरेदीदार दूरचा, संघटित आणि सरकारदरबारी वजन असलेला होता. याच सुमारास, १८८९ साली, ब्रिटिश हिंदुस्थानात व्यापारी मालावरील खोट्या चिन्हांविरुद्ध कायदा झाला. मालाचे खोटे वर्णन करणे हा त्याने गुन्हा ठरविला, आणि परदेशी कापडाच्या ताग्यावर त्याची लांबी छापण्याचे बंधन घातले. तागा गजाने मोजता येतो, तेव्हा त्यावरील आकडा खरा की खोटा हे दुकानातच कळते. परंतु ज्या वस्तूचे खरेखोटेपण गजाने अथवा तराजूने कळत नाही, तिच्या नावाचे रक्षण कसे करावयाचे? हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. तो पुढे तुपाने विचारावयास लावला.

(३)

जुन्या वऱ्हाडी घरात तूप ही विकत घेण्यापेक्षा विकण्याची वस्तू होती. दूध आटवून, विरजून, घुसळून काढलेले लोणी साठवावयाचे आणि ते कढवून त्याचे तूप करावयाचे, हे काम बहुधा स्त्रियांचे. घरच्या गरजेपुरते ठेवून उरलेले तूप आठवडी बाजारात अथवा ओळखीच्या दुकानदाराकडे जाई, आणि त्याच्या पैशांतून मीठमिरची, बांगड्या, लेकराबाळांचे कपडे येत. दूध नासते, तूप टिकते. म्हणून ज्या गावाला दुधाचे गिऱ्हाईक नव्हते त्या गावातही जनावर पाळणाऱ्याला तुपामुळे दोन पैसे मिळत.

हे तूप चामड्याच्या बुधल्यातून, मडक्यातून अथवा उघड्या डब्यातून विकले जाई. त्यावर नाव नसे, चिठ्ठी नसे. गिऱ्हाईक ते हुंगून पाही, तळहातावर चोळून पाही, त्याचा रवा पाही, आणि बेरी करपल्याचा वास येतो की काय याची खात्री करी. या तूपविक्रीत भेसळ नव्हती असे समजणे भाबडेपणाचे होईल. गोडे तेल, करडईचे तेल अथवा चरबी मिसळल्याच्या तक्रारी सर्वत्र होत्या. मात्र ती भेसळ नाकाला, जिभेला आणि बोटांना पुष्कळदा सापडत असे. आणि विकणारी बाई पुढच्या बाजारी त्याच जागी बसावयाची असल्यामुळे तिच्या शब्दाला जबाबदारी चिकटलेली असे.

वनस्पतीने ही परिस्थिती मुळापासून पालटली. तेलामध्ये निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला असता पातळ तेलाचा घट्ट स्निग्ध पदार्थ होतो. या विद्येचा शास्त्रीय पाया फ्रेंच रसायनज्ञ पॉल साबात्ये यांनी घातला, आणि द्रवरूप तेलांवर ती चालविण्याचे पेटंट जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली मिळविले. युरोपात या पदार्थाने मुख्यतः लोणी व चरबी यांची जागा घेतली. हिंदुस्थानात त्याला तुपाची जागा घ्यावयाची होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात तो हॉलंडमधून येऊ लागला. १९३१ साली लिव्हर समूहाने हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली, तिचा कारखाना मुंबईत शिवडीस निघाला, आणि १९३७ साली 'डालडा' हे नाव बाजारात आले. पिवळ्या डब्यावरचे हिरवे ताडाचे झाड लवकरच देशभर ओळखीचे झाले. अक्षरे न वाचणाऱ्यालाही ते वाचता येत होते.

येथे कारखानदारांच्या कौशल्याची नोंद केली पाहिजे. येथील गिऱ्हाईक तुपाची परीक्षा रव्यावरून करते हे त्यांनी ओळखले आणि वनस्पती रवाळ होईल अशा रीतीने ती थंड करण्याची पद्धत बसविली. मानवी शरीराच्या उष्णतेच्या आसपास ती वितळावी असाही प्रयत्न राहिला. म्हणजे तळहातावर चोळून पाहण्याची जी जुनी परीक्षा, तिला उतरेल असाच हा पदार्थ घडविला गेला. बोटे व डोळे यांचे प्रामाण्य असे निकालात निघाल्यावर गिऱ्हाइकापाशी पारखण्यासाठी मुख्यतः शब्दच उरला.

(४)

तो शब्द कोणता होता? डब्यावर 'वनस्पती' असे छापलेले असे. हा शब्द अक्षरशः खोटा नव्हता. पदार्थ शेंगदाणा, सरकी इत्यादींच्या तेलापासूनच होत असे. परंतु मराठी माणसाच्या मनात 'वनस्पती' म्हटले की झाडपाला, औषधी, सात्त्विक आहार यांची आठवण होते; हायड्रोजन, निकेल व उष्णता यांची होत नाही. खरे असूनही चुकीची समजूत करून देणारा शब्द कसा असतो याचे हे उत्तम उदाहरण होय. दुकानात तर हा शब्द एकटा राहिलाच नाही. तेथे त्याचे 'वनस्पती तूप' झाले, हिंदीत 'वनस्पती घी' झाले आणि इंग्रजी कागदपत्रांतही त्याच अर्थाचे नाव रूढ झाले. विशेषण नवे, नाम जुने. तूप या नामाला शतकानुशतके जी पत होती ती या जोडनावाने अलगद उचलली.

याचा भाषेवर झालेला परिणाम अधिक बोलका आहे. पूर्वी 'तूप' म्हटले की पुरे होत असे. 'साजूक' हे विशेषण जुने खरे, पण त्याचा मूळ अर्थ ताजे, नुकते कढविलेले असा. शिळ्या तुपापासून ताजे तूप वेगळे दाखविण्यापुरता त्याचा उपयोग. डब्यातील मालाचा प्रसार झाल्यावर साजूक तूप म्हणजे 'खरे तूप', डालडा नव्हे ते, असा अर्थ रूढ झाला. वऱ्हाडात त्याच्या जोडीला 'गावरानी तूप', 'असली घी' हे प्रयोग ऐकू येऊ लागले. नकली वस्तूने नाव घेतले आणि खऱ्या वस्तूवर विशेषण लावून फिरण्याची पाळी आली. दुकानातील देवघेवीत याचा अर्थ असा की, आपला माल खरा आहे हे सिद्ध करण्याचा भार आता बाजारात मडके घेऊन बसलेल्या बाईवर पडला. छापील डब्याकडे कोणी पुरावा मागत नव्हते.

दुसऱ्या एका शब्दाकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. वनस्पतीचा धंदा केवळ परदेशी भांडवलाचा राहिला नाही. तो वऱ्हाडातही आला. शेगावच्या 'बेरार स्वदेशी वनस्पती' या कारखान्याचे नाव तेथील नगरपालिकेशी झालेल्या करविषयक दाव्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या निवाड्यांत आढळते. या नावात गैर काही नव्हते. भांडवल व कच्चा माल यांच्या दृष्टीने ते योग्यच म्हणावे लागेल. तथापि प्रांताचे नाव, 'स्वदेशी' आणि 'वनस्पती' असे तीन शब्द एकत्र आले की प्रांताभिमान, राष्ट्रभावना आणि सात्त्विकता यांचे बळ एकाच नावास लाभते, हे त्या काळातील विक्रीची भाषा समजून घेण्यासाठी लक्षात ठेवले पाहिजे.

(५)

वनस्पतीविरुद्ध आवाज उठला तो प्रथम पशुपालन व ग्रामोद्योग यांच्या हितचिंतकांकडून. महात्मा गांधींनी 'हरिजन'मधून १९४६ साली या विषयावर लिहिले. वनस्पती तुपाच्या नावाने अथवा तुपात मिसळून विकली जाणे ही त्यांच्या मते जनतेची फसवणूक होती. स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकुरदास भार्गव यांनी वनस्पतीच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घालणारे विधेयक संसदेपुढे आणले. बंदी आली नाही. तूप सर्वांना पुरण्याइतके नाही, तेव्हा गरिबाने काय खावे, हा बंदीविरोधी युक्तिवाद सहजासहजी झिडकारता येण्यासारखा नव्हता, हेही मान्य केले पाहिजे.

बंदीच्या खालोखाल दुसरी मागणी अशी होती की वनस्पतीला रंग द्यावा, म्हणजे ती तुपात मिसळताच ओळखू येईल. अपायकारक नसलेला, तळणीत टिकणारा आणि सहज काढून टाकता न येणारा रंग काही हाती लागला नाही. शेवटी तिसरा उपाय पत्करण्यात आला : वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले. तिळाच्या तेलातील विशिष्ट द्रव्यामुळे फुरफुरल व हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हलविले असता आम्लाचा थर किरमिजी होतो. बोदुआँ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परीक्षेमुळे तुपातील वनस्पती प्रयोगशाळेत पकडता येऊ लागली.

उपाय चतुर होता, पण त्याचे स्वरूप पाहा. वनस्पतीची ओळख पटविणारी खूण वनस्पतीच्या आत घातली गेली, आणि ती दिसणार कोणाला, तर आम्लाची बाटली जवळ असलेल्या परीक्षकाला. रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या बाजारातील गिऱ्हाइकाला ती दिसत नव्हती. त्याच्यापुढे 'वनस्पती तूप' हा शब्द होता तसाच राहिला.

प्रयोगशाळेचा दुसरा एक परिणाम कापसाच्या मुलखाला विशेष जाणवणारा होता. शुद्ध तुपाची एक कसोटी म्हणजे रायशर्ट-माइस्ल मूल्य. तुपातील बाष्पनशील व पाण्यात विरघळणाऱ्या मेदाम्लांचे प्रमाण त्यावरून कळते. वनस्पतीत ही आम्ले जवळजवळ नसल्यामुळे भेसळीच्या तुपात हा आकडा उतरतो. परंतु ज्या जनावरांना सरकी भरपूर चारली जाते त्यांच्या अगदी शुद्ध तुपातही तो उतरतो, आणि अपवर्तनमापकावरील आकडा चढतो. सरकी हे तर कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याच्या गाईम्हशींचे नेहमीचे खाद्य. म्हणजे अन्यत्र ठरविलेल्या मापाने मोजले असता येथील निर्भेळ तूप भेसळीचे ठरण्याचा धोका होता. १९५५ च्या केंद्रीय नियमांखालील मानकांत या अडचणीची दखल घेतलेली आढळते. सरकी विशेष चारली जाते अशा प्रदेशांना 'कापूस-पट्टा' अशी संज्ञा देऊन, महाराष्ट्रासह काही राज्यांत त्यांच्यासाठी वेगळे व सौम्य आकडे ठेवण्यात आले. खऱ्या तुपाला आपले खरेपण कायद्याच्या अपवादातून सिद्ध करावे लागले, ही गोष्ट येथील पशुपालकाच्या दृष्टीने लहान नव्हे.

(६)

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली संमत होऊन १ जून १९५५ पासून अमलात आला. तोवर प्रांतोप्रांतीचे कायदे भिन्न होते. नव्या कायद्याने भेसळीइतकेच महत्त्व चुकीच्या नावाने केलेल्या विक्रीला दिले. एका खाद्याची नक्कल किंवा पर्याय असलेला पदार्थ तसे स्पष्ट न छापता मूळ खाद्याच्या नावाने विकणे हा गुन्हा ठरला. १९५५ च्या नियमांतील ३७ व्या नियमाने वेष्टनावर खोटे अथवा दिशाभूल करणारे विधान करण्यास मनाई केली. कारंजाच्या कापूस बाजारानंतर सुमारे सत्तर वर्षांनी खाणाऱ्याच्या बाजूने शब्दाची चौकशी सुरू झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि याच नियमाला एक परंतुक होते. मिठाई, बिस्किटे व वायुमिश्रित पेये यांची रूढ झालेली व्यापारी किंवा काल्पनिक नावे या मनाईतून वगळली होती. 'जिंजर बिअर' व 'गोल्ड स्पॉट' ही नावे नियमाच्या मजकुरातच उदाहरणादाखल आलेली आहेत. गोळ्या-बिस्किटांपुरता हा अपवाद निरुपद्रवी दिसतो. पण त्यामागील तत्त्व असे की, नाव पुरेसे रुळले की त्याच्या अर्थाची झडती घेऊ नये. 'वनस्पती तूप' हे नावही रुळल्यामुळेच टिकले होते.

पुढील इतिहास हा या तत्त्वाशी चाललेल्या झगड्याचा आहे. १९८० नंतर विदर्भात सोयाबीन पसरले, आणि आज ते वाशीम जिल्ह्याचे प्रमुख पीक आहे. स्वयंपाकघरात डालड्याच्या जागी पिशवीतील व डब्यातील शुद्धीकृत तेल आले, आणि शब्दांची नवी पीछेहाट सुरू झाली. तेलांच्या वेष्टनासंबंधीच्या ३७-ड या नियमात 'सुपर रिफाइन्ड', 'डबल रिफाइन्ड', 'अल्ट्रा रिफाइन्ड', 'कोलेस्टेरॉल फायटर', 'सूदिंग टु हार्ट' अशा निषिद्ध शब्दांची यादीच द्यावी लागली. एकेक शब्द नावानिशी निषिद्ध करण्याची वेळ येणे, हेच सामान्य मनाई अपुरी पडल्याचे द्योतक होय. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने १९५४ चा कायदा मागे पडला. २०१८ च्या जाहिरात व दावे यांविषयीच्या नियमांनी 'नैसर्गिक', 'ताजे', 'शुद्ध', 'पारंपरिक', 'अस्सल' यांसारख्या शब्दांच्या वापरावर मर्यादा घातल्या. मात्र असा शब्द व्यापारी नावातच असेल तर, हे केवळ नाव आहे, ते पदार्थाचे खरे स्वरूप दर्शवीत नाही, अशा आशयाची सूचना किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापली की पुरे. मोठ्या अक्षरांत 'शुद्ध' म्हणावयाचे आणि बारीक अक्षरांत ते मागे घ्यावयाचे, अशी ही तडजोड.

ही तडजोड कोठवर टिकते याचे उत्तर अलीकडे मिळाले. जून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आटविलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयांवरील '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्यास सांगितले. 'ओ.आर.एस.' या नावाबाबत तर प्राधिकरणाने आधी, २०२२ व २०२४ च्या आदेशांनी, खुलाशाची ओळ छापण्याच्या अटीवर ते पेयांच्या व्यापारी नावात वापरू दिले होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ते आदेश मागे घेऊन, जलसंजीवनीच्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात ही अक्षरे येऊच नयेत असे ठरविण्यात आले. जुलाबाने हैराण झालेल्या मुलाची आई खुलाशाची ओळ वाचत नाही, ती नाव वाचते. जी गोष्ट तुपाच्या बाबतीत पाऊण शतकापूर्वीच दिसत होती ती येथे उघडपणे मान्य झाली : नाम चुकीचे असेल तर विशेषणाने अथवा तळटिपेने ते दुरुस्त होत नाही.

वनस्पतीच्या गुणदोषांविषयीही काळाने एक निकाल दिला आहे. अर्धवट हायड्रोजनीकरणात ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात आणि ती हृदयविकाराला कारण होतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. १ जानेवारी २०२२ पासून भारतात तेले व मेद यांतील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांवर आणण्यात आले. १९३७ साली हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून त्या काळच्या उत्पादकांवर जाणूनबुजून विष विकल्याचा आरोप करणे इतिहासाला धरून होणार नाही. पण नावाचा प्रश्न अशाच वेळी अधिक गंभीर ठरतो. पदार्थाचे गुणदोष पुढे कधीतरी कळतात. तोवर त्याचे स्वतंत्र नाव कायम असेल, तर निदान आपण काय खाल्ले हे खाणाऱ्याला सांगता येते. ज्या घरांत चाळीस वर्षे 'तूप' खाल्ले गेले, त्यांतील किती घरांत ते कोणते तूप होते, हे आता आरोग्याच्या इतिहासकारालाही सांगणे कठीण आहे.

(७)

या विषयाची साधने सरकारी दप्तरांत जेवढी आहेत त्याहून अधिक घरांत व दुकानांत आहेत. किराणा दुकानांच्या जुन्या वह्यांत वनस्पतीची नोंद 'तूप' या सदरात झाली आहे की वेगळ्या सदरात. लग्नकार्याच्या याद्यांत 'साजूक' हा शब्द कोणत्या वर्षापासून आवर्जून लिहिला जाऊ लागला. नगरपालिकांच्या जकातीच्या दरपत्रकांत तूप व वनस्पती यांना एकच दर होता की निराळे, या प्रश्नांची उत्तरे तेथूनच मिळतील. रिकामे डबे धान्य मोजण्यासाठी, पाणी भरण्यासाठी, तुळस लावण्यासाठी वापरले गेले आणि गंजून गेले. त्यांवरील मजकुरासह जे थोडे उरले असतील ते जपून ठेवणे हे स्थानिक इतिहास मंडळांना सहज साधण्यासारखे काम आहे. कारंजा, मंगरुळपीर, रिसोड येथील जुन्या पेढ्यांच्या वह्यांपासून त्याचा आरंभ करता येईल. कापसाच्या भावाच्या नोंदी आपण जपल्या; त्याच वह्यांच्या उलट बाजूस, घरखर्चाच्या सदरात, हा दुसरा इतिहास लिहिलेला असावयाचा संभव आहे.